स्मरण कसें घडतें?

परीक्षेचा निकाल लागला कीं शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं दोन वाक्यें हटकून कानांवर येतात. पालक म्हणतात, “सर, ह्याच्या डोक्यांत कांहीं राहतच नाहीं.” आणि खालीं मान घालून उभा असलेला मुलगा पुटपुटतो, “मला येत होतें. पण ऐन वेळीं आठवलें नाहीं.” अध्यापनाच्या प्रारंभींच्या वर्षांत आम्ही पहिलें वाक्य खरें मानीत असूं आणि दुसरें निव्वळ सबब समजत असूं. पुढें ह्या विषयावरचें कांहीं वाचन घडलें, आणि एका प्रसंगीं तर आमच्या स्वतःच्या स्मरणानेंच आम्हांस तोंडघशीं पाडलें. तेव्हां आमचें मत पालटलें. मुलाचें वाक्य पुष्कळदां खरें असतें आणि पालकांचें वाक्य पुष्कळदां चुकीचें असतें. तें कसें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या घरच्या वडील माणसांस समजावून सांगावें, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

मन म्हणजे एक पेटी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वाचलेलें आंत टाकावें, झांकण लावावें आणि लागेल तेव्हां जसेंच्या तसें बाहेर काढावें. ज्याची पेटी मोठी तो हुशार. ज्याच्या पेटीच्या तळाला भोंक तो ढ. ही कल्पना सोपी आहे, परंतु शास्त्रज्ञांनीं गेल्या सुमारें एकशेंचाळीस वर्षांत केलेल्या प्रयोगांपुढें ती टिकलेली नाहीं. स्मरण ही एकदां ठेवून दिलेली वस्तू नव्हे. ती दर वेळीं नव्यानें करावी लागणारी क्रिया आहे. ह्या लेखांतील एवढें एकच वाक्य वाचकांनीं ध्यानांत धरलें तरी पुरे. बाकीचें सारें त्याचें विवरण आहे.

ह्या क्रियेचे तीन भाग कल्पिले म्हणजे विषय सुगम होतो : ग्रहण, धारण आणि स्मरण.

प्रथम ग्रहण. डोळ्यांपुढून जें जातें तें सर्व मनांत शिरतें असें नाहीं. वाचकांनीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. आपण रोज हाताळतों त्या पांच रुपयांच्या नाण्याचें चित्र, नाणें न पाहतां, कागदावर काढावें. कोणत्या बाजूस काय आहे, अक्षरें कोठें आहेत, सिंह कोठें आहेत, हें सांगतांना बहुतेकांची फजिती होईल. हजार वेळां पाहिलें, पण लक्ष दिलें नाहीं. म्हणून तें मनानें घेतलेंच नाहीं. जें मुळांत घेतलें नाहीं तें ‘विसरलें’ असें म्हणणेंही बरोबर नव्हे. पुस्तक उघडें, डोळे पानावर आणि मन क्रीडांगणावर, अशा स्थितींत दोन तास बसलेल्या मुलाची स्मरणशक्ति वाईट नसते. त्यानें तिला कामच दिलेलें नसतें.

लक्ष दिलें तरी मनाच्या ओंजळींत एका वेळीं फार थोडें मावतें. १९५६ सालीं जॉर्ज मिलर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें ही मर्यादा सुमारें सात वस्तूंची सांगितली. २००१ सालीं नेल्सन कोवन ह्यांनीं पुराव्यांची छाननी करून ती चाराच्या आसपास आणली. आतां १८१८१८५७१९४७ हे आंकडे एकदां वाचा. सुटे सुटे घेतले तर ते बारा होतात आणि ओंजळींतून सांडतात. परंतु ज्यास इतिहास ठाऊक आहे त्यास तेथें पेशवाई बुडाल्याचें १८१८, उठावाचें १८५७ व स्वातंत्र्याचें १९४७ अशीं तीनच सालें दिसतात. म्हणजे ज्ञान असलें कीं सुट्या वस्तूंच्या जुड्या बांधतां येतात. पेटी भरत आली कीं जागा उरत नाहीं. मनाचें उलट आहे. आधीं जितकें अधिक समजलेलें असेल तितकें नवें लवकर बसतें. अर्थ न समजतां पाठ करणाऱ्याचे श्रम व्यर्थ वाढतात ते ह्याचमुळें.

आतां धारण. माणसाच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्या एकमेकींशीं असंख्य सांध्यांनीं जोडलेल्या आहेत. आठवण एखाद्या पेशींत चिठ्ठीसारखी घडी करून ठेवलेली नसते. पेशींच्या आपसांतील जोडण्यांत जो फरक पडतो तोच तिचा ठसा. एरिक कॅन्डल ह्या शास्त्रज्ञानें ॲप्लिसिया नांवाच्या समुद्री गोगलगाईवर अनेक वर्षें प्रयोग करून दाखविलें कीं, थोड्या वेळेपुरतें शिकलें असतां असलेले सांधे बळकट होतात, आणि पुनःपुन्हां शिकलें असतां नवे सांधे फुटतात. ह्या कामाबद्दल त्यांस २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. शेतांतून माणसें जाऊं लागलीं म्हणजे पाऊलवाट पडते, आणि जाणेंयेणें थांबलें म्हणजे तींत गवत माजतें. तसेंच कांहींसें हें आहे.

ह्या वाटा पाडण्याच्या कामीं मेंदूच्या आंतल्या एका लहानशा भागाचें मोठें अंग आहे. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा असल्यामुळें त्यास ग्रीक शब्दावरून हिप्पोकॅम्पस असें नांव पडलें. त्याचें महत्त्व जगास कळलें तें एका दुर्दैवी माणसामुळें. अमेरिकेंतील हेन्री मोलेसन हा १९२६ सालीं जन्मलेला मनुष्य अपस्माराच्या झटक्यांनीं पीडलेला होता. १९५३ सालीं विल्यम स्कोव्हिल ह्या शल्यवैद्यानें त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले. परंतु त्या दिवसापासून नवें कांहीं त्याच्या स्मरणांत राहीनासें झालें. बालपणच्या गोष्टी तो सांगे, बोलणेंचालणें नीट करी, बुद्धीही शाबूत होती. पण आतां भेटून गेलेला मनुष्य थोड्या वेळानें परत आला तर त्यास तो नवखाच वाटे. ब्रेन्डा मिल्नर ह्या विदुषीनें वर्षानुवर्षें त्याच्या स्मृतीचा अभ्यास केला, तरी त्याला त्या प्रत्येक भेटींत अनोळखीच राहिल्या.

मिल्नरबाईंनीं एकदां त्यास आरशांत पाहून चांदणीच्या आकृतीभोंवतीं रेघ ओढावयास सांगितलें. आरशांत पाहून हात चालविणें कोणासही प्रथम जड जातें. हेन्रीनें तीन दिवस सराव केला आणि त्याच्या चुका दिवसेंदिवस कमी होत गेल्या. तरी प्रत्येक दिवशीं त्यास वाटे कीं हें काम आपण प्रथमच करीत आहों! त्याचा हात शिकला होता. त्यास स्वतःस तें ठाऊक नव्हतें. ह्यावरून सिद्ध झालें कीं स्मृति एकच एक नाहीं. घडलेलें आठवणें निराळें आणि हाताला वळण लागणें निराळें. सायकल, तबला, सुबक अक्षर ह्या गोष्टी समजावून घेऊन येत नाहींत, त्या केल्यानेंच येतात. हेन्री २००८ सालीं ८२ वर्षांचा होऊन वारला. ज्यास कालचा दिवस आठवत नव्हता अशा ह्या माणसानें स्मृतीविषयीं जगास फार मोठें ज्ञान दिलें.

धारण झालें तरी तें टिकतें किती? ह्या प्रश्नाचें मोजून उत्तर देणारा पहिला मनुष्य हर्मान एबिंगहाउस हा जर्मन पंडित होय. पूर्वज्ञानाची मदत होऊं नये म्हणून त्यानें निरर्थक अक्षरगट तयार केले, ते स्वतःच पाठ केले, आणि कांहीं काळानें तेच पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात हें मोजलें. १८८५ सालीं त्यानें आपले आंकडे प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनंतर सुमारें ५८ टक्के श्रम वांचले. एका तासानंतर ४४. एका दिवसानंतर ३४. सहा दिवसांनंतर २५. आणि ३१ दिवसांनंतर २१. २०१५ सालीं नेदर्लंड्समध्यें हाच प्रयोग पुन्हां करण्यांत आला, तेव्हांही चित्र जवळजवळ तेंच निघालें. ह्यांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, विसरण्याचा मोठा सपाटा पहिल्या कांहीं तासांतच असतो. पुढें तो मंदावतो. दुसरी ही कीं, महिन्यानंतरही पाटी कोरी झालेली नसते. “मी सारें विसरलों” असें म्हणणारा विद्यार्थी पुन्हां वाचावयास बसला तर त्याचा पांचव्या हिश्श्याइतका तरी भार हलका झालेला असतो. आणि हें अर्थहीन अक्षरांविषयीं. अर्थपूर्ण मजकूर ह्याहून अधिक टिकतो.

तिसरा भाग स्मरण. आमच्या मतें लोकांस सर्वांत कमी समजलेला भाग हाच. ठसा असूनही वाट सांपडत नाहीं, असा अनुभव कोणास नाहीं? नांव ओंठांवर असतें, पण येत नाहीं. कोणी पहिलें अक्षर सांगितलें कीं सबंध नांव बाहेर पडतें. १९६६ सालीं एन्डेल टल्व्हिंग व झीना पर्लस्टन ह्यांनीं विद्यार्थ्यांस वर्गवार मांडलेल्या शब्दांच्या याद्या दिल्या. नुसतें ‘आठवा’ म्हटल्यावर जितके शब्द आठवले, त्यांहून वर्गांचीं नांवें सुचविल्यावर अधिक आठवले. म्हणजे शब्द मनांत होते. त्यांच्यापर्यंत नेणारा धागा हाताशीं नव्हता. तेव्हां “येत होतें, पण आठवलें नाहीं” असें म्हणणारा मुलगा थाप मारीत असतोच असें नाहीं. त्याची चूक निराळी आहे. त्यानें घरीं आंत घेण्याचा अभ्यास केला. बाहेर काढण्याचा केला नाहीं.

ह्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. वाट सांपडली तरी तिच्या टोकाशीं मूळ वस्तू जशीच्या तशी उभी असते असें नाहीं. केंब्रिज येथील फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनीं उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांस वाचावयास दिली, आणि पुढें निरनिराळ्या वेळीं ती आठवून लिहावयास सांगितली. १९३२ सालच्या त्यांच्या ग्रंथांत हा प्रयोग वर्णिलेला आहे. जें वाचकांच्या परिचयाचें नव्हतें तें गळालें किंवा बदललें. त्या लोकांच्या विशिष्ट होडीच्या जागीं साधी नाव आली; सीलच्या शिकारीच्या जागीं मासेमारी आली; कथेंतील गूढ भाग नाहींसा होऊन ती त्यांच्या समजुतीस पटेल अशी बनली. कोणीं मुद्दाम खोटें लिहिलें नव्हतें. जें आठवलें नाहीं तें मनानें आपल्या कल्पनेप्रमाणें भरून काढलें, आणि तेंही आपणांस आठवलेंच असें त्यांस वाटलें.

येथें आमचा स्वतःचा प्रसंग सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गाच्या विज्ञानाच्या वह्या आम्हीं तपासावयास घेतल्या. एका मुलाची वही निघेना. तो म्हणाला, “सर, मी तुमच्या हातांत दिली.” आम्हांस मात्र तो रिकाम्या हातानें मेजाशीं आला, बावरला आणि मागें फिरला, हें डोळ्यांपुढें स्पष्ट दिसत होतें. आम्हीं त्यास वर्गासमक्ष खोटारडा म्हटलें. त्याचे वडील रोजंदारीवर काम करणारे, एका दिवसाची मजुरी बुडवून ते शाळेंत आले आणि आमच्यापुढें त्यांनीं मुलास विचारलें, “खरें सांग.” मुलगा तेंच बोलला. वडिलांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें, आमचा शब्द प्रमाण मानला, आणि मुलाच्या कानशिलांत लगावली. तीन आठवड्यांनीं दुसरेंच कांहीं शोधीत असतां आमच्या घरच्या कपाटांत दोन जाड पुस्तकांच्या मधें ती वही सांपडली. तिचें पहिलें पान आमच्याच लाल शाईनें तपासलेलें होतें.

आणि नवल असें कीं, वही हातांत असतांनाही तो मुलगा रिकाम्या हातानें उभा असल्याचें चित्र आमच्या डोळ्यांपुढून हालेना! बहुधा दुसऱ्या कोणत्या दिवशीं तो, किंवा दुसराच कोणी मुलगा, तसा उभा राहिला असावा, आणि आमच्या मनानें तें चित्र ह्या प्रसंगास चिकटविलें असावें. आम्ही खोटें बोललों नव्हतों. तरी आम्हीं सांगितलेलें खोटें होतें. दुसऱ्या दिवशीं ज्या वर्गापुढें आरोप केला त्याच वर्गापुढें आम्हीं मुलाची क्षमा मागितली, आणि संध्याकाळीं घरीं जाऊन त्याच्या वडिलांची. वडील म्हणाले, “असूं द्या, सर. पण मारलें तें मीं.” ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आजही सुचलेलें नाहीं.

अशी चूक एकट्या आमच्याच हातून होते असें मात्र नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर ह्यांनीं विद्यार्थ्यांस मोटारींच्या टकरीचा चित्रपट दाखविला. नंतर मोटारींचा वेग विचारतांना पन्नास जणांस ‘एकमेकींस लागल्या’ अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला व दुसऱ्या पन्नास जणांस ‘धडकून चुराडा झाला’ अशा अर्थाचा जहाल शब्द वापरला. आठवड्यानें सर्वांस विचारलें, “फुटलेली कांच पाहिलीत काय?” चित्रपटांत फुटकी कांच नव्हतीच. तरी पहिल्या पन्नासांपैकीं ७ जणांनीं आणि दुसऱ्या पन्नासांपैकीं १६ जणांनीं ती पाहिल्याचें सांगितलें. प्रश्नांतला एक शब्द त्यांच्या आठवणींत जाऊन बसला होता. म्हणून ‘मला पक्कें आठवतें’ ह्या वाक्यांतील ‘पक्कें’ हा शब्द पुरावा नव्हे. घरांत भावंडांची तक्रार ऐकतांना, वर्गांत शिक्षा करतांना, शेजाऱ्याशीं जुना वाद उकरतांना हें ध्यानांत असावें.

मग विद्यार्थ्यांनीं करावें काय? स्मरण ही क्रिया आहे असें एकदां मानलें कीं उपाय उघड आहे : त्या क्रियेचाच सराव करावा. अमेरिकेंत हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी ह्यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. एक उतारा विद्यार्थ्यांनीं दोनदां वाचला. दुसरा एकदां वाचून मग न पाहतां आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं पाहतां दोनदां वाचलेला उतारा ८१ टक्के आठवला व लिहिलेला ७५ टक्के. म्हणजे वाचणाराची सरशी! परंतु आठवड्यानें तोच हिशेब उलटला : दोनदां वाचलेला ४२ टक्के, आणि न पाहतां लिहिलेला ५६ टक्के. पुनःपुन्हां वाचल्यानें मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचें वाटणें हेंच येणें अशी आपली फसगत होते. तेव्हां धडा वाचावा, पुस्तक मिटावें, आणि कोऱ्या कागदावर आठवेल तें लिहावें. जेथें अडेल तेथें पुस्तक उघडावें. तें अडणें अपयश नव्हे. तोच खरा अभ्यास.

दुसरा नियम, श्रम वांटून घ्यावे. एबिंगहाउसला असें आढळलें कीं, एका दिवशीं सलग ६८ आवृत्त्या करून जें साधतें तेंच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं डोळ्यांस पाणी लावून केलेलें पाठांतर दुसऱ्या दिवसापुरतें कामीं येईल. वर्षभर टिकणार नाहीं. तिसरा नियम, झोंप मोडूं नये. १९२४ सालीं जेन्किन्स व डॅलेनबाख ह्यांनीं दाखवून दिलें कीं, शिकल्यावर जागें राहण्यापेक्षां झोंपल्यास विसरणें कमी होतें. झोंपेंत मेंदू दिवसाचे ठसे पक्के करीत असतो, असें आतां शास्त्रज्ञ सांगतात.

ह्यांतील पहिला नियम आमच्या लोकांस अगदींच नवा नाहीं. जुन्या शाळांतून मुलें पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हातांत पुस्तक न घेतां म्हणत असत. वेदपाठकांच्या परंपरेंत पद, क्रम, जटा, घन असे पाठ आहेत, आणि घनपाठांत शब्द पुढून मागें व मागून पुढें फिरवून म्हणावे लागतात. ह्या पद्धतींचें बळ पुस्तकावांचून बाहेर काढण्यांत होतें. उणीव होती ती, जेथें अर्थ सांगितला जात नसे तेथें.

आतां पालकांस एक विनंती. “वाचलेंस का?” असें विचारण्याऐवजीं “काय वाचलेंस तें मला सांग,” असें म्हणावें. ह्यासाठीं स्वतःस अक्षरओळख असावी लागत नाहीं. भाकऱ्या थापतां थापतां आईनें मुलीचा भूगोल ऐकावा आणि न समजेल तेथें “म्हणजे काय ग?” असें विचारावें, तिच्यासारखी परीक्षक शाळेंतही मिळावयाची नाहीं. आणि “ह्याच्या डोक्यांत कांहीं राहत नाहीं” हें वाक्य मुलाच्या देखत उच्चारूं नये. तें बहुधा खरें नसतें. आणि नेमकें तेवढें मात्र त्याच्या डोक्यांत राहतें.

आमच्या वर्गांतील मुलांस एक नवल वाटत असतें. वही घेतांना आम्ही त्यांच्या देखत यादींत खूण करतों आणि त्यांची सही घेतों. पोरें आपसांत हंसतात, हेंही आम्हांस माहीत आहे. त्यांस ह्या प्रथेचें कारण आजवर ठाऊक नव्हतें, आतां झालें.